टायब्रेकर चुकला, आता पेठेत तोंड कसं दाखवू?

(पत्र थोडक्यात देतेय. नाव, पेठ, तालीम, स्पर्धा सगळं काढलंय. कोल्हापूरकरांनो, कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नका, ही विनंती.)

"ताई, मी २१ वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या सीनियर टीममधे खेळतो. आजोबा याच तालमीकडून खेळले, वडील नऊ सिझन खेळले. तालमीत आजोबांच्या टीमचा जुना फोटो लावलाय, मागच्या रांगेत डावीकडून दुसरे आजोबा, त्यांच्या शेजारी तिसरा कोण ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण आजोबांचं नाव अजून सगळे घेतात. दीड महिन्यापूर्वी फायनल टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टींवर गेली, पाच-पाच झाल्यावर सडनडेथ, समोरच्याचा गेला आणि आपला चुकला की संपलं. समोरच्यांनी मारला, मग माझा नंबर. शिट्टी वाजली आणि कधी मारला ते मलाच कळलं नाही, बॉल पोस्टाच्या बाहेर. हरलो तेही ज्यांच्याशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्षा आहे त्यांच्याकडून. ग्रुपवर माझे मीम्स फिरले, एकानं तर 'किती घेतलास' असं विचारलं. वडील रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचे, त्या दिवसापासून गेलेले नाहीत. घरात त्यावर कुणी एक शब्द काढत नाही. मला झोप नाही, प्रॅक्टिसला निघताना उलटी होते. आता पुण्यातल्या एका क्लबकडून विचारणा आलीय, थोडा पगार आणि राहायची सोय. गेलो तर म्हणतील पळाला, गद्दार. राहिलो तर ती जर्सी परत अंगात घालायची हिंमत होत नाही. कधी वाटतं फुटबॉलच सोडावा आणि बँकेच्या परीक्षा द्याव्यात. आजोबांचं नाव मी घालवलं. काय करू?"

अरे भावा,

पहिल्यांदा एक खरं सांगून टाकते, कारण बाकीचे सगळे तुला खोटं सांगत असणार. सगळे म्हणत असतील की लोक विसरतील रे, दोन महिन्यांत नवीन विषय येईल. नाही विसरणार. मी कोल्हापूरचीच आहे, लग्न होऊन बाहेर पडले एवढंच, आणि माझ्या धाकट्या भावानं १९८९ च्या सुमारास एका मॅचला हेडर मारून बॉल आपल्याच गोलात घातला होता. आज तो पंचावन्नचा आहे, हार्डवेअरचं दुकान आहे, दोन पोरं शिकून नोकरीला लागली, आणि तरी मिरजकर तिकटीला एक रिक्षावाले काका त्याला दिसला की हमखास विचारतात, "काय मग, आज कुठल्या पोस्टात?" आणि तो हसतो, आणि दोघं चहा पितात, आणि पैसे कायम काका देतात. म्हणजे विसरलं कुणीच नाही. पण जी गोष्ट त्याला एकेकाळी जेवू देत नव्हती ती आता त्याची ओळख सांगायची एक गंमत झालीय. हसायला मात्र त्याला दोन वर्षं लागली, हेही लपवत नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल, नाहीतर त्यांना वाटेल एका पेनल्टीचं एवढं काय. कोल्हापुरात फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा आहे. तालीम म्हणजे मूळ कुस्तीचा आखाडा, पेठेतली पोरं जिथे लाल मातीत घुमायची ती जागा, आणि संस्थानी काळात राजघराण्यानं खेळांना हात दिला तेव्हा त्याच तालमींनी फुटबॉलही उचलला. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, जुना बुधवार, फुलेवाडी, ही नावं घेतली की इथल्या माणसाला टीमच्या आधी गल्ली दिसते. दिवाळीनंतर सिझन सुरू होतो, के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, मग एकामागून एक चषक, उन्हाळ्यापर्यंत राजर्षी शाहू स्टेडियम भरलेलं. तिकीट काढून माणसं बसतात. जिथे गणपतीची वर्गणी ठरते तिथेच टीम ठरते, त्यामुळे जो खेळतो तो नुसता खेळाडू नसतो, तो अमक्याचा पोरगा असतो. आम्ही पोरी लांबच्या एका गच्चीवरून बघायचो, गोल दिसायचा नाही, फक्त आवाज यायचा, आणि आवाजावरून कुणाचा गोल झाला ते ओळखायचो. तर ती जर्सी अंगात पडणं म्हणजे काय हे मला माहितेय. त्याचा अभिमान बाळगू नकोस, खेळ म्हणजे खेळच, असलं काही मी तुला सांगणार नाहीये. तो अभिमान खरा आहे. माझं म्हणणं वेगळ्याच गोष्टीवर आहे.

तू लिहिलंयस, आजोबांचं नाव मी घालवलं. मला सांग, आजोबांबद्दल तुला काय माहितेय? पत्रात तू एक फोटो सांगितलास आणि नाव निघतं एवढं सांगितलंस. ते किती फायनल हरले? त्यांनी कधी सोपा गोल सोडला का? त्यांच्यावर कुणी चिडलं होतं का, महिनाभर कुणी बोललं नव्हतं का? माहीत नाही ना. कारण जुन्या टीमचा तालमीत जो फोटो लागतो तो जिंकल्याच्या दिवसाचा असतो, हरल्यावर ग्रुप फोटो काढायला कोण थांबतंय. साधा हिशोब कर, सोळा टीमच्या नॉकआउट स्पर्धेत एक टीम चषक घेऊन जाते, पंधरा हरून घरी जातात, आणि दरवर्षी अशा कितीतरी स्पर्धा होतात. तुमच्या तालमीचा इतिहास कितीही मोठा असला तरी त्यात जिंकण्यापेक्षा हरण्याचे दिवस जास्त असणार, हे गणितच आहे. तू मात्र स्वतःला त्या एका फोटोशी ताडून बघतोयस. आणि ज्यानं नऊ सिझन काढले त्या वडिलांशी तू एकदाही बोललेला नाहीस, त्याच्याकडे येतेच.

त्याआधी ती पेनल्टी. "शिट्टी वाजली आणि कधी मारला ते मलाच कळलं नाही," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ह्या एका वाक्यावर नॉर्वेतल्या एका माणसानं आयुष्याची बरीच वर्षं घातलीयत. गेइर यॉर्डेट नाव, क्रीडा मानसशास्त्रज्ञ, त्यानं वर्ल्ड कप, युरो आणि चॅम्पियन्स लीगच्या टायब्रेकरचे व्हिडिओ एकेक करून तपासले. त्याला दिसलं ते असं, की जेव्हा 'हा गोल केला की जिंकलो' अशी वेळ असते तेव्हा ९२ टक्के पेनल्टी आत जातात, आणि 'हा चुकला की हरलो' अशी वेळ असते तेव्हा हेच प्रमाण साठीच्या आसपास येतं. तोच बॉल, तेच अकरा मीटर अंतर, तोच सव्वासात मीटरच्या वर रुंद गोल. म्हणजे तू ज्या जागेवर उभा होतास तिथे जगातले नावाजलेले खेळाडू दहातले जवळजवळ चार चुकतात. दुसरी गोष्ट तर तुझ्यासाठीच शोधल्यासारखी आहे, ज्या देशांच्या नावावर जास्त मोठी ट्रॉफी आणि ज्यांच्या टीममधे जास्त मोठी नावं, त्यांचे खेळाडू टायब्रेकरला जास्त गडबडतात, रेफरीची शिट्टी झाली की लगेच मारून मोकळे होतात, जणू तिथून कधी एकदा सुटतोय असं झालेलं असतं. मोठ्या घरचं ओझं ते हेच. तुझा पाय कमजोर नव्हता भावा, तुला तिथून पळायचं होतं, आणि तसं वाटणारा तू पहिला नाहीस.

याच्यावर करण्यासारखं आहे. प्रॅक्टिस संपल्यावर, पाय दमलेले असताना, मधल्या रेषेपासून चालत जाऊन रोज पाचच पेनल्टी मार, जास्त नको. कुठल्या कोपऱ्यात मारायचा ते चालायला लागायच्या आधी ठरव आणि मग बदलू नकोस. बॉल स्वतःच्या हातानं ठेव. शिट्टी झाल्यावर एक पूर्ण श्वास आत, पूर्ण बाहेर, मगच पळ. एक श्वास घेतला म्हणून कुठला रेफरी तुला अडवत नाही. आणि दोन-चार पोरांना गोलमागे उभं करून शिव्या घालायला सांग, कोल्हापुरात त्यासाठी माणसं शोधावी लागणार नाहीत. हे नुसतं तुला नाही, जे जे कोणी पोरं-पोरी आपल्या पेठेकडून, शाळेकडून, जिल्ह्याकडून खेळतायत त्या सगळ्यांना लागू आहे.

आता एक कोलकात्याची गोष्ट. ईर्षा काय असते ते कोल्हापूरनंतर कुणाला कळत असेल तर त्यांना. मोहन बागान हा १८८९ चा क्लब, १९११ साली गोऱ्या पलटणीच्या टीमला हरवून त्यांनी आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ती सुद्धा एक सोडून सगळे अनवाणी खेळून, तेव्हापासून त्या जर्सीला लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं वागवतात. त्याच शील्डच्या १९७५ च्या फायनलला ईस्ट बंगालनं, म्हणजे ज्यांच्याशी त्यांची खरी ईर्षा त्यांनी, त्यांना ५-० हरवलं. भास्कर गांगुली नावाचा तरुण पोरगा गोलवर होता, त्याच्यावर चार झाले आणि त्याला मॅचमधेच बाहेर काढलं. विचार कर, आपल्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी नाचक्की आणि गोलकीपर तू. तो पोरगा पुढे गेला कुठे माहितेय? त्याच ईस्ट बंगालकडे, ज्यांनी त्याच्यावर चार मारले होते. तिथे वर्षानुवर्षं खेळला आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडला भारताचा कॅप्टन झाला. म्हणून तूही समोरच्या तालमीत जा असं मी सुचवत नाहीये हां, उगीच माझ्या घरावर दगड पडायचे! पण १९७५ च्या त्या रात्री त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानंही हेच म्हटलं असतं, माझं संपलं.

आणि वाईट दिवस जातोच असंही नसतं, त्याचंही उदाहरण देते. आंद्रे गोमेश, पोर्तुगालचा, २०१६ ला युरो जिंकलेल्या टीममधला, बार्सिलोनात गेला आणि तिथे काही जमेना. २०१८ ला त्यानं एका मुलाखतीत सरळ सांगून टाकलं की मैदान म्हणजे नरक झालाय, लाज वाटते म्हणून घराबाहेर पडत नाही. ते छापून आल्यावर पुढच्या मॅचला तो मैदानात उतरला तेव्हा जे लोक शिट्ट्या मारायचे त्यांनीच टाळ्या वाजवल्या. इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण त्याचा खेळ तिथे काही परत आला नाही, त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधे एव्हर्टन क्लबला गेला आणि तिथे बरा खेळला. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, बोलल्यावर लोक मऊ होतात हीही, आणि कधीकधी जागा बदलावी लागते हीही.

आता वडील. तू मला लिहिलंस, तीनशे शब्दांत, आणि घरात जो माणूस हीच जर्सी घालून नऊ सिझन खेळलाय त्याला काही विचारलं नाहीस. ते कट्ट्यावर जात नाहीत याचा अर्थ तू लावलास की त्यांना तुझी लाज वाटते. लावलास कशावरून? मला आणखी दोन-तीन अर्थ बसल्या जागी दिसतायत. कट्ट्यावर कुणीतरी तुझ्याबद्दल वाकडं बोललं असेल आणि ते भांडून आले असतील, बाप माणसं हे घरी सांगत नाहीत. किंवा तिथे गेलं की तुझ्यावर बोलणं होणार आणि आपल्याला ऐकवणार नाही, म्हणून टाळत असतील. किंवा त्यांना स्वतःचीच एखादी मॅच आठवत असेल. माझे वडील भावाच्या त्या सेल्फ गोलनंतर पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं रागावलेत, वर्षभरानं आईकडून कळलं की त्यांना फक्त काय बोलावं तेच सुचत नव्हतं. पंधरा दिवस! एक मनुष्य शब्द शोधत होता आणि दुसरा मनुष्य रात्री जेवत नव्हता, एकाच घरात.

तर आज-उद्याकडे त्यांना बाहेर काढ. समोरासमोर बसून "बाबा, मला बोलायचंय" असं करू नकोस, आपल्याकडच्या बापांना ते झेपत नाही. गाडीवर मागे बसव, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला नाहीतर रंकाळ्यावर ने, आणि विचार, तुमची सगळ्यात वाईट मॅच कुठली? एवढंच. माझ्या पेनल्टीबद्दल काय वाटलं असं विचारू नकोस, त्यांची मॅच विचार.

तब्येतीचं थोडं गंभीरपणे. मॅचच्या आधी पोट ढवळणं, उलटी येणं हे मोठ्या खेळाडूंनाही होतं. पेअर मर्टेसाकर, जर्मनीचा, २०१४ चा वर्ल्ड कप जिंकलेला सहा फूट सहा इंच उंचीचा डिफेंडर, त्यानं २०१८ ला सांगितलं की वर्षानुवर्षं प्रत्येक मॅचआधी त्याला उमासे यायचे, आणि २००६ ला मायदेशातला वर्ल्ड कप सेमीफायनलला संपला तेव्हा दुःखापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. तर उलटी होते म्हणून तू भित्रा नाहीस. पण झोप नाही याला दीड महिना झालाय, हे मला चालणार नाही. हे आता फुटबॉलचं राहिलेलं नाही. ओळखीच्या डॉक्टरला हे सगळं जसंच्या तसं सांग, त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर जा, गुडघा दुखावला असता तर गेलाच असतास ना. आणि रात्री फार अंगावर आलं, सगळंच नको वाटायला लागलं, तर १४४१६ लाव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात, पेठेतल्या कुणाला कळायचा प्रश्न नाही.

मोबाइलचं काय करायचं ते तुझं तुलाही माहितेय. ग्रुप सोडलास तर "बघा सोडला" होईल, म्हणून सोडू नकोस, आर्काइव्ह कर आणि सहा महिने उघडू नकोस. 'किती घेतलास' हे मात्र चेष्टेत जाऊ देऊ नकोस, हा पैसे खाल्ल्याचा आरोप आहे. त्याला उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचा आणि कॅप्टन आणि मंडळाच्या एका जाणत्या माणसाला दाखवून "हे तुम्ही थांबवा" म्हणायचं. ते थांबवतात की नाही यावरून तुला तुझ्या तालमीबद्दल बरंच कळेल, आणि पुण्याचा निर्णय घ्यायला ते उपयोगी पडेल.

हां, पुणे. गद्दार हा शब्द मला जरा बाजूला ठेवून बघू दे. तुमच्याच टीममधे या सिझनला किती पोरं पेठेतली होती आणि किती बाहेरची? कोल्हापुरात तालमी आता सर्रास दुसऱ्या गावचे खेळाडू आणतात, आफ्रिकेतले आणतात, एका तालमीतून दुसऱ्या तालमीत पोरं जातात आणि सिझन सुरू व्हायच्या आधी त्याच्याच तर चर्चा रंगतात. मग येणारा हुकमी खेळाडू आणि जाणारा गद्दार, हे कसं? अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, लहानपणीच गावाबाहेर पडला म्हणून २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, पुढे जमशेदपूरकडून खेळला, इंग्लंडमधे ब्लॅकबर्नला ट्रेनिंगला जाऊन आला. त्याला गद्दार म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, त्याच्या नावाचे डिजिटल बोर्ड लागले आपल्याकडे.

पण जायचं का, याचं उत्तर मी एका प्रश्नानं देते, आणि तो रात्री एकट्यानं स्वतःला विचार. तो बॉल आत गेला असता, पेठेनं तुला खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर गल्लीभर फिरवलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याचा हा फोन आला असता, तर गेला असतास का? गेलो असतो असं मनापासून आलं, तर जा, पेनल्टी गेली खड्ड्यात. नसतो गेलो असं आलं, तर आत्ता तू पुण्याला निघालेला नाहीयेस, फक्त कोल्हापुरातून निघालायस, आणि तिथल्या पहिल्या वाईट मॅचनंतर काय करशील सांग. बँकेच्या परीक्षांनाही हाच प्रश्न. परीक्षा द्यायला माझी काही हरकत नाही, बी.कॉम. होतच आलंय, दे की, सकाळी प्रॅक्टिस आणि दुपारी अभ्यास करणारे ढीगभर आहेत, पण फुटबॉलची शिक्षा म्हणून बँक नको.

जायचं ठरलंच तर डोळे उघडे ठेवून. तोंडी शब्दावर जाऊ नकोस, कागद माग. पगार किती महिन्यांचा, फक्त सिझनचा की वर्षाचा? दुखापत झाली तर खर्च कोण करणार, आणि तेवढे दिवस पगार चालू का बंद? रजिस्ट्रेशन त्यांच्याकडे किती काळ अडकणार, परत तालमीकडून खेळायचं झालं तर सोडतील का? शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊ देतील का? हे विचारायला लाजायचं नाही, आणि उत्तरं देताना जो चिडेल त्याच्याकडे जायचं नाही. पगार देणारा क्लब कायमचा असतो असं समजू नकोस, मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकला आणि २०१० ला कंपनीनं बंद करून टाकला, पुण्याचेही मोठे क्लब आले आणि गेले. तालीम पगार देत नसेल, पण ती बंद पडत नाही, एवढं तिचं मोठेपण मान्य करायलाच हवं. दुसऱ्या बाजूनं हेही बघ की सरकारी नोकरीत खेळाडूंना जे ५ टक्के आरक्षण आहे त्याला गावातल्या चषकांची मेडलं पुरत नाहीत, राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची सर्टिफिकेटं लागतात, आणि ती मिळवायची तर कधीतरी पेठेच्या बाहेर पडावंच लागतं. आपली कितीतरी गुणी पोरं तिशीपर्यंत स्टेडियम गाजवतात आणि मग हातात काही नसतं, ही माझी जुनी खंत आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुला कळलंच असेल. ऑफरला तारीख असते म्हणून 'शांतपणे विचार कर, घाई नको' वगैरे सांगत नाही, त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घे, आणि तेवढ्यात वडिलांशी बोलणं, डॉक्टर आणि तो कागद, तिन्ही उरकून टाक.

आणि निघालास तर मेसेज टाकून निघू नकोस. संध्याकाळी तालमीत जा, सगळे असताना, नारळ घेऊन, आणि तोंडानं सांग की मी पुण्याला खेळायला चाललोय. दोघं-तिघं टोमणे मारतील, मारू देत. एखादा म्हातारा पाठीवर हात ठेवेल, तो बहुतेक असा असेल ज्याच्याकडून तू अपेक्षा केली नव्हतीस.

इतर वाचकांमधे मंडळांचे कार्यकर्ते बरेच आहेत, पत्रं येतात त्यावरून मला माहितेय, तर दोन शब्द तुम्हाला. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ माणसं गेली. ईर्षा कुठवर जाते याचा तो आकडा आहे, आणि आपल्याकडेही मॅच थांबवायची, पोलीस बोलवायची वेळ आलेली आहेच. टायब्रेकर कुणी मारायचा ते तुम्ही आणि कोचनं ठरवता, एकवीस वर्षांच्या पोराला तिथे तुम्ही पाठवता, मग चुकल्यावर पहिल्या रात्री त्याच्या घरी कोण जातं? या पोराच्या घरी दीड महिन्यात कुणी गेलेलं दिसत नाही. ट्रॉफी आली असती तर मिरवणुकीला सगळे होते. आणि ज्या आईवडिलांची पोरं खेळतात त्यांनी, काही सुचत नसलं तर नुसतं ताट वाढून शेजारी बसा, पण जेवण संपेपर्यंत उठू नका.

जर्सीचं राहिलं. ती घालायची हिंमत होत नाही म्हणालास. मग पहिल्यांदा घालू नकोस, जुना टी-शर्ट घालून पहाटे पेटाळ्यावर नाहीतर गांधी मैदानावर जा, जिथे दहा-बारा वर्षांची पोरं येतात, आणि तासभर त्यांच्यात खेळ. त्यांच्यातला एखादा येऊन नक्की विचारणार, "दादा, तो तुमीच न्हवं, ज्यानं भायेर मारला?" हो म्हण. मी म्हटलं ना, विसरत नाहीत. मग त्याला म्हण, तू गोलवर उभा रहा, आता बघ.

आणि वडिलांना गाडीवर घालून नेशील तेव्हा अजून एक काम कर. फोटोत आजोबांच्या शेजारी जो तिसरा उभा आहे, ज्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही म्हणालास, तो कोण होता ते विचार. त्यांना नसेल माहीत तर पेठेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे दोघं मिळून जा. तोही त्याच टीममधे होता, तीच जर्सी, तोच चषक. नाव सापडलं तर मला कळव, आणि तो खेळायचा कसा तेही.